डोळे मिटून बसण्याची सक्ती नको

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. शाळेतल्या लहानसहान गोष्टींनी तो अस्वस्थ होतो, रात्री त्याला लवकर झोप लागत नाही. सजगतेच्या सरावाचा उपयोग होतो असे वाचून मी त्याला रोज वीस मिनिटे डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला बसवते. पण थोड्याच वेळात तो चुळबुळ करतो, ‘माझे मन रिकामे होतच नाही’ म्हणून रडकुंडीला येतो आणि माझाही आवाज चढतो. माझे काय चुकते आहे?

उत्तर : मन रिकामे करणे हा सजगतेचा उद्देशच नाही, हे आधी त्याला सांगा. या संकल्पनेचे मूळ पाली भाषेतील ‘सति’ म्हणजे स्मृती या शब्दात आहे. लक्ष भरकटल्याचे ध्यानात येणे आणि स्वतःवर न रागावता ते परत आणणे, एवढाच हा सराव. आपले मन भटकले हे ज्या क्षणी त्याला कळते, त्या क्षणी सरावातले खरे काम त्याने केलेले असते.

वीस मिनिटे मात्र फारच झाली. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सजगतेवर आधारलेला जो कार्यक्रम सुरू केला, तो दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या प्रौढ रुग्णांसाठी होता. त्यातल्या लांब बैठका लहान मुलावर लादणे मला अन्यायाचे वाटते. त्याला दोन-तीन मिनिटे पुरेत आणि डोळे उघडे असले तरी चालेल. घंटेचा नाद पूर्ण विरेपर्यंत ऐकणे, आडवे पडून पोटावरचे खेळणे श्वासाबरोबर वर-खाली होताना पाहणे, अनवाणी चालताना तळव्यांना होणारा स्पर्श जाणणे, हेही सजगतेचेच प्रकार आहेत. काही मुलांना श्वासाकडे लक्ष दिल्याने उलट गुदमरल्यासारखे होते. तसे असेल तर श्वास सोडून आवाज किंवा स्पर्श निवडावा.

ब्रिटनमधील ८५ शाळांत आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. शाळांतील नेहमीच्या भावनिक शिक्षणापेक्षा सरसकट दिलेले सजगतेचे धडे सरस ठरले नाहीत, आणि बहुतेक मुलांनी घरी सराव फारसा केलाच नव्हता. मुलाला स्वतःला गोडी नसेल तर केवळ बसवून काही साधत नाही, असा बोध मी त्यातून घेतो. म्हणून काही दिवस तुम्ही स्वतःच बसा. विशेषतः आवाज चढू लागल्याचे जाणवेल तेव्हा दोन श्वास थांबा. त्याला यावेसे वाटले तर तो शेजारी येईल.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याला शाळेत नेमकी कशाची भीती वाटते हे विचारा. कोणी त्रास देत असेल किंवा शिकवलेले समजत नसेल, तर त्याला शांत बसायला शिकवणे म्हणजे तो त्रास मुकाट्याने सोसायला शिकवणे होय. झोपेची तक्रार काही आठवडे टिकली, किंवा पोटदुखी, शाळेत जाण्यास नकार अशी लक्षणे दिसली, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यास उशीर करू नका.

प्रश्न : मला तीन वेळा नैराश्याचा आजार झाला. आता बरे आहे. सजगतेचा सराव करून गोळ्या सोडू का?

उत्तर : स्वतःच्या मनाने सोडू नका. आजार पुन्हा उलटू नये यासाठी सजगतेवर आधारलेली एक उपचारपद्धती आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२४ रुग्णांच्या अभ्यासात, ती शिकून औषध कमी करत नेणाऱ्यांपैकी ४४ टक्के, तर औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी ४७ टक्के रुग्णांचा आजार दोन वर्षांत उलटला, म्हणजे लक्षणीय फरक नव्हता. परंतु तिथे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केले होते. गोळ्या एकदम थांबवल्यास चक्कर, झोपमोड, चिडचिड असा त्रास होऊ शकतो. पुढच्या भेटीत हा विषय आपल्या डॉक्टरांपुढे मांडा, आणि सराव करताना जुन्या कटू आठवणी उसळून आल्या तर तेही त्यांना सांगा.