वाचकांचे प्रश्न : ओर्विएतो बघायचं तर गडासारखं बघा

मागच्या अंकात इटलीतल्या ओर्विएतो या डोंगरावरच्या गावाबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरेच मेसेज आले. बऱ्याच जणांचे प्रश्न सारखेच होते म्हणून त्यातले पाच निवडलेत.

प्रश्न : मे महिन्यात रोम आणि फ्लॉरेन्सची ट्रिप आम्ही स्वतःच प्लॅन करतोय. मधे ओर्विएतोला सकाळी उतरून दुपारच्या ट्रेनने पुढे जाता येईल का? माझे मिस्टर म्हणतात अजून एक चर्च बघायला कशाला उतरायचं. (एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

ताई, उतरता येईल, पण मी सांगेन एक रात्र राहाच. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून सव्वा तास-दीड तासात ओर्विएतो येतं, आणि इतकं जवळ आहे म्हणूनच सगळे सकाळी येतात आणि चारच्या सुमाराला परत स्टेशन गाठतात. आता तिथलं दुओमो म्हणजे मुख्य चर्च, त्याचा दर्शनी भाग साधारण पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि त्यावर सोनेरी मोझेक आहेत, सकाळी ते सावलीत असतात, छान दिसतात, पण संध्याकाळचं ऊन त्यावर पडलं की सगळी भिंत पेटल्यासारखी होते आणि नेमकं तेव्हा बघायला गावातली चार म्हातारी माणसं आणि बॉल खेळणारी पोरं एवढीच असतात. मे महिन्यात साडेआठपर्यंत उजेड असतो. आपण तलावपाळीला संध्याकाळी चक्कर मारतो ना तशी तिथली माणसं जेवणाआधी चौकात चक्कर मारतात, त्यांच्यात तुम्हीही मारा.

आणि मिस्टरांना सांगा की चर्च बघायला नाही, गड बघायला चाललोय. मी खरंच म्हणतेय. पन्हाळा कसा गडही आहे आणि नांदतं गावही आहे, तसं हे. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ दगडाचा, त्याला तूफो म्हणतात, एक सुटा कातळ मैदानातून उभा राहिलाय आणि त्याच्या सपाट माथ्यावर अख्खं गाव. आपण गडावर गेलो की पहिलं काय विचारतो? पाणी कुठंय. तिथेही तेच विचारायचं, मग गाव आपोआप उलगडतं. 1527 मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट पळून इथे आला, आणि वेढा पडला तर कातळावर पाणी पुरणार नाही म्हणून त्याने अंतोनियो दा सांगाल्लो या वास्तुकाराला विहीर खणायला सांगितली. हीच ती सान पात्रिझिओची विहीर. पन्नास मीटरपेक्षा खोल, 13 मीटर रुंद, 248 पायऱ्या, आणि खरी गंमत म्हणजे जिने दोन आहेत, एकमेकांभोवती गुंडाळलेले पण कुठेच न मिळणारे, म्हणजे पाणी आणायला उतरणारी खेचरं एका जिन्याने जायची आणि भरलेल्या पखाली घेऊन दुसऱ्याने वर यायची, समोरासमोर गाठ पडायचीच नाही. पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत त्या खेचरांच्या पायांसाठीच. काम 1537 मध्ये संपलं, तोवर क्लेमेंट वारून तीन वर्षं झाली होती, त्याने ते पाणी काही बघितलं नाही.

खाली तळाशी एक छोटा पूल आहे, त्यावरून पलीकडच्या जिन्याला लागायचं. तिथे दोन मिनिटं थांबा आणि वर बघा. मधल्या पोकळीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत खिडक्या आहेत, जिन्यावरून उतरणाऱ्या माणसाचा हात एका खिडकीत दिसतो, मग गायब, मग खालच्या खिडकीत चेहरा दिसतो. दगड ओला लागतो, उन्हाळ्यातही गारवा असतो, पातळ जॅकेट ठेवा. लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीत उतरून वर बघताना मला जे वाटलं होतं तेच इथे वाटलं, ज्याने हे बांधलं त्याला पाण्याची किंमत माहीत होती.

चर्चही चुकवू नका बरं का. 1290 मध्ये सुरू झालेलं बांधकाम, काळ्या बसाल्टचे आणि पांढऱ्या ट्रॅव्हर्टिनचे आडवे पट्टे, खालच्या खांबांवर जगाच्या उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंतची दगडातली कोरीव चित्रं, त्यातली खालची अगदी डोळ्यांच्या उंचीवर आहेत, ती बघायला मान वर करावी लागत नाही. आत सान ब्रिझिओ चॅपलमध्ये लुका सिन्योरेल्लीने 1499 पासून रंगवलेली भित्तिचित्रं. त्यातलं मेलेली माणसं जमिनीतून वर येतायत ते चित्र बघा, कोणी अर्धा बाहेर, कोणी हातांवर जोर देऊन स्वतःला ओढून काढतोय. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, ओढणी जवळ ठेवा.

प्रश्न : आईला (वय 68) बरोबर नेतोय, गुडघ्यांचा त्रास आहे. डोंगरावरचं गाव म्हणजे चढच चढ असेल ना? (एक वाचक, नौपाडा)

चढायची गरजच नाही. स्टेशनमधून बाहेर पडलात की समोरच फ्युनिक्युलर आहे, आपल्या वणीच्या सप्तशृंगी गडावर आहे तशीच रुळांवरची गाडी, दोन-तीन मिनिटांत वर काहेन चौकात सोडते. ही 1888 मध्ये सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची, वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली यायचा आणि खालच्याला वर ओढायचा. आता विजेवर आहे. वरून छोटी बस थेट दुओमोच्या चौकात नेते.

माथा बऱ्यापैकी सपाट आहे पण रस्ते दगडी आहेत, त्यामुळे चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. विहिरीत आईंना नेऊ नका, 248 उतरल्या की तेवढ्याच चढायच्या आहेत आणि मधे लिफ्ट नाही. तुम्ही उतराल तेवढा वेळ त्या शेजारच्या आल्बोर्नोझ किल्ल्याच्या बागेत बसतील, तिथून खालचं सगळं खोरं दिसतं. माझी आई तिथे तासभर बसली होती, मी परत आले तर शेजारच्या इटालियन आजीबरोबर स्वेटरच्या टाक्यांवर खुणांनी बोलणं चालू होतं. गावाखालच्या गुहांची गाईडबरोबर टूर असते, तिथेही एक-दोन जिने अरुंद आहेत, तिकीट काढायच्या आधी विचारून घ्या. पण तुम्ही स्वतः जा नक्की, त्या कातळाच्या पोटात बाराशेच्या आसपास गुहा आहेत, तेलघाणे आहेत, रोमनांच्याही आधी इथे राहणाऱ्या एट्रुस्कन लोकांच्या विहिरी आहेत आणि भिंतीत कबुतरांसाठी कोरलेले ओळीने चौकोनी कोनाडे आहेत. वेढ्यात अडकलं तरी घरच्या घरी खायला मिळावं म्हणून लोक कबुतरं पाळायचे.

प्रश्न : आम्ही दर रविवारी कुठल्यातरी डोंगरात असतो, पांडवकडा, येऊर, माहुली सगळं झालंय. ओर्विएतोला चालण्यासारखं काय आहे? (एक वाचक, खारघर)

तुमच्यासाठी आनेल्लो देल्ला रुपे. कातळाच्या पायथ्याने गावाला पूर्ण प्रदक्षिणा घालणारी पायवाट, पाचेक किलोमीटर, वर चढउतार फार नाही, रमतगमत दोन तास. आपल्याला कडा म्हणजे काळा कातळ डोळ्यासमोर येतो, इथे तो मधासारख्या रंगाचा आहे आणि त्यात वरच्या घरांच्या खिडक्या कुठे सुरू झाल्या ते पटकन कळत नाही. सकाळी लवकर निघा. वाटेत क्रोचिफिस्सो देल तूफो ही ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातली एट्रुस्कन दफनभूमी लागते, तिकीट काढून आत जा. दगडी थडगी अशी ओळीने बांधलीयेत की चाळीतल्या खोल्याच वाटाव्यात, मधे सरळ गल्ल्या, आणि प्रत्येक दारावरच्या दगडात त्या घराण्याचं नाव कोरलेलं, उजवीकडून डावीकडे. मी एका नावावरून बोट फिरवत होते आणि अडीच हजार वर्षांपूर्वीची दारावरची पाटी वाचतोय या विचाराने अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी चिविता दि बान्योरेज्जो. साधारण वीस किलोमीटरवर, बान्योरेज्जोपर्यंत बस जाते पण फेऱ्या मोजक्या, रविवारी तर भरवसा ठेवूच नका, वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा. मऊ मातीच्या डोंगरावर मोजकी घरं उरलेलं हे गाव दरवर्षी थोडं थोडं ढासळतंय, 1695 च्या भूकंपानंतर बहुतेक लोक सोडून गेले, आता जायला फक्त पायी पूल, शेवटचा चढ चांगला दम काढतो. प्रवेशाला तिकीट आहे. आजूबाजूच्या धुपलेल्या मातीच्या सुऱ्यांसारख्या धारा बघा, आपल्याकडे दरड कोसळली की जे मनात येतं ते तिथे रोज समोर उभं आहे.

पोहायचं असेल तर बोल्सेना तलाव, ज्वालामुखीच्या खड्ड्यात तयार झालेला, युरोपातला या प्रकारचा सगळ्यात मोठा. राफ्टिंगवाले असाल तर तेर्नीजवळ मार्मोरेचा धबधबा, 165 मीटर, रोमन लोकांनी ख्रिस्तपूर्व 271 मध्ये नदी वळवून तयार केलेला. त्याचं पाणी वीज बनवायला वापरतात म्हणून धबधबा ठरलेल्या वेळीच सोडतात, वेळ न बघता गेलात तर नुसता ओला कडा बघून परत याल.

प्रश्न : आम्ही अंडंही खात नाही. डबे घेऊन जावं का? (एक वाचक, वाशी)

खाकरे, मेतकूट थोडं असू द्या, पण उपाशी नाही राहणार. तिथला उंब्रिचेल्ली नावाचा जाड शेवयांसारखा पास्ता नुसत्या पिठाचा आणि पाण्याचा असतो, अंडं नाही, टोमॅटो-लसणाबरोबर मागा, परवडत असेल तर ट्रफल म्हणजे जमिनीखाली उगवणाऱ्या महागड्या अळंबीबरोबर. तरी ऑर्डर देताना "सेन्झा कार्ने, सेन्झा वोवा" एवढं म्हणाच, मांस नको अंडी नको. बेकरीत लुमाकेल्ला नावाचे गोगलगायीसारखे गोल पाव दिसतात, त्यात डुकराचं मांस असतं, बाहेरून कळत नाही, घेऊ नका. आणि पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विरजणासारख्या पदार्थाने बनतं, कडक पाळत असाल तर "सेन्झा फोर्माज्जो" म्हणा. ब्रेड अळणी लागेल, तिथे तो बिनमिठाचाच करतात. दुपारी अडीच-तीननंतर किचन बंद होतं ते साडेसातला उघडतं, हे मात्र लहान मुलं असतील तर आधीच लक्षात ठेवा.

प्रश्न : गाडी भाड्याने घ्यावी का? (एक वाचक, कोपरी, ठाणे)

फक्त ओर्विएतो असेल तर नको. चिविता, बोल्सेना, मार्मोरे सगळं करायचं असेल तर घ्या, इंटरनॅशनल परमिट निघायच्या आधी आरटीओमधून काढून ठेवा. गावांच्या आत ट्रॅफिक बंदीचा भाग असतो, त्याला झेडटीएल म्हणतात, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड नंतर घरी येतो, माझ्या मावसभावाला ट्रिप संपल्यावर पाच महिन्यांनी ठाण्यात आला. म्हणून गाडी खाली काम्पो देल्ला फिएराच्या पार्किंगला लावा, तिथून कातळातून सरकते जिने थेट गावात वर आणून सोडतात.