मैदानात कुत्रं मोकळं सोडावं का?

प्रश्न : टिळकवाडीत घराजवळच्या मैदानात सकाळी सात-आठ जण कुत्री मोकळी सोडतात, परवा एका मोठ्या कुत्र्यानं आमच्या पॉमेरियनला खाली पाडलं, मालक म्हणतो खेळतंय की. आता जावं की नको?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : जावा की ताई, पण बघायला शिका. खेळणारं कुत्रं पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करतं, आणि दोघंही आळीपाळीनं पळतात, पाडतात. तुमचं पिल्लू शेपटी पोटाखाली घालून पायामागं लपत असेल तर तो खेळ नव्हे, मग भीड बाळगू नका, मध्ये उभं राहा आणि त्या कुत्र्याच्या मालकाला सरळ सांगा, पट्टा लावा म्हणून. भांडण जुंपलं तर तोंडाजवळ हात घालायचाच नाही, पाणी मारा. बॉल, बिस्किटं घरीच ठेवा, त्याच्यावरनंच लई भांडणं लागतात.

आणि रेबीजची लस सगळ्यांनी आपापल्या कुत्र्याला दरवर्षी द्यायचीच, हे मैदानात येणाऱ्यांनी मिळून ठरवून टाका. कुणा माणसाला दात लागलाच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तिथं सांगतील त्या तारखांची सगळी इंजेक्शनं घ्या, बरं वाटलं म्हणून मधलं एकही सोडू नका.