प्रोसेसरचा वेग वाढवताना व्होल्टेज किती ठेवावे?

प्रश्न : माझ्या संगणकात एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि प्रोसेसरसोबत मिळालेलाच कूलर आहे. व्हिडिओ लवकर रेंडर व्हावेत म्हणून सर्व कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग) ४.७ गिगाहर्ट्झवर आणि व्होल्टेज १.४ वर कायम करण्याचा विचार आहे. एरवीही मला हा आकडा १.४ च्या वर गेलेला दिसतो. हे सुरक्षित आहे का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : नाही, आणि गफलत त्या १.४ च्या आकड्यातच आहे. एकदोन कोअरवर हलके काम चालू असताना हा प्रोसेसर क्षणभर इतके व्होल्टेज घेतो, कारण त्या वेळी प्रवाह कमी असतो. सहाही कोअर कामाला लागले की तो स्वतःहून व्होल्टेज खाली आणतो. आपण ते कायम केले की हा बंदोबस्तच नाहीसा होतो, आणि जास्त व्होल्टेज, जास्त प्रवाह व जास्त उष्णता एकत्र आल्याने चिपमधील सूक्ष्म वाहकांची झीज वेगाने होते. ही झीज लगेच कळत नाही. आधी सहज पेलणाऱ्या वेगालाच संगणक पुढे अडखळू लागतो, तेव्हा कळते.

प्रोसेसरची वीज स्थूलमानाने वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ५ टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवले, तर वीज सुमारे २७ टक्के जास्त लागते. आपला कूलर ६५ वॉटच्या प्रोसेसरसाठी दिलेला आहे. शिवाय जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७५ अंशांवर थांबतो, तोच मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत ९५ च्या आसपास, म्हणजे त्याच्या कमाल मर्यादेवर पोहोचतो. अकोल्यात तरी ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे वाढवलेल्या वेगाची, परीक्षा उन्हाळ्यातच घ्यावी.

व्होल्टेज वाढवण्याऐवजी कमी करून वेग मिळवणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे, कारण वीज आणि उष्णता कमी झाली की प्रोसेसर स्वतःच जास्त वेग घेतो. आधी फायलींचा बॅकअप घ्यावा. मग बायोसमधील (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधील) पीबीओ (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, म्हणजे प्रोसेसरला आपोआप जास्त वेग घेऊ देणारी सोय) विभागात कर्व्ह ऑप्टिमायझर ही व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग उघडून सर्व कोअरसाठी उणे १० ठेवावे. एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची असते. वीजमर्यादा मूळचीच राहू द्यावी. सिनेबेंच ही वेगचाचणी अर्धा तास चालवून तापमान पाहता येते, पण तेवढ्यावर संगणक स्थिर झाला असे मानणे उतावीळपणाचे ठरेल, कारण या पद्धतीतील दोष बहुधा हलक्या कामात किंवा संगणक नुसता चालू असताना अचानक रीस्टार्ट होऊन उघड होतो. म्हणून कोअरसायक्लर हे तपासणीचे सॉफ्टवेअर रात्रभर चालवून एकेक कोअर तपासावा आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत व्हीया (WHEA, म्हणजे हार्डवेअरच्या) त्रुटी दिसल्यास त्या कोअरला उणे ५ वर आणावे. या काळात रॅमच्या सेटिंगला हात लावू नये, नाहीतर दोष कुणाचा हे कळणार नाही. संगणक सुरूच झाला नाही, तर मदरबोर्डवरील सीमॉस क्लिअर करावा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळपदावर येते.

रेंडरच्या वेळेत यातून फार तर काही टक्क्यांचाच फरक पडेल. खर्चाची तयारी असल्यास आधी चांगला कूलर घ्यावा. पीबीओमुळे झालेले नुकसानही वॉरंटीत बसत नाही, हेही लक्षात असावे.

प्रश्न : इंटेलच्या आय५-१२४०० चा वेग वाढवता येईल का?

उत्तर : त्याच्या नावात ‘के’ नाही, म्हणजे त्याचा गुणक (बेस क्लॉक या मूळ घड्याळवेगाला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) कुलूपबंद आहे. काही मोजक्या मदरबोर्डांवर बेस क्लॉक वाढवून पळवाट काढता येते, पण रोजच्या कामाच्या संगणकावर हा खटाटोप करू नये.