पालकांच्या ग्रुपवर सूचना टाकताना

सर, वर्ग नव्याने हातात घेतलाय, तर एका मेसेजमध्ये एकच कार्यक्रम टाका. पहिल्या ओळीत वार, तारीख, वेळ. मग मुलाने काय आणायचं ते. ‘उद्या’ लिहू नका, मेसेज दुसऱ्या दिवशी वाचणाऱ्याचा घोळ होतो. 26 जानेवारीची सूचना 22 तारखेलाच द्या, गणवेश धुऊन वाळायला हवा ना! प्रभातफेरी आणि ध्वजवंदनाच्या वेळा वेगवेगळ्या लिहा, नाहीतर निम्मी मुलं थेट झेंड्याला उगवतात. बालआनंद मेळाव्यात स्टॉल लावणाऱ्यांना 10 रुपयांची सुटी नाणी आणायला सांगाच. सुट्ट्या पैशांवाचून भेळेची विक्री अडते. ग्रुप ‘फक्त ॲडमिन’वर ठेवा, शुभ सकाळच्या फुलांखाली सूचना गाडली जाते. स्मार्टफोन नसलेल्या घरांसाठी मुलाच्या वहीत दोन ओळी, खाली पालकांची सही.