मापात पाप आणि शिशावरचा ठसा

तुम्ही विचारलंत की माणसं भली असतील तर आपापसात ठरवून नीट जगतील, मग सरकार कशाला हवं आणि रोजच्या जगण्यात ते दिसतं तरी कुठे? मी एकतीस वर्षं बाजार समितीत मापाडी होतो. शेतकऱ्याचा माल आणि व्यापाऱ्याचा पैसा यांच्या मधोमध जो काटा असतो, त्याच्यापाशी आयुष्य गेलं. म्हणून उत्तरही तिथूनच देतो.

लोखंडी वजन कधी उलटं करून पाहिलंय? त्याला एक खोलगट भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं आणि त्या शिशावर ठसा असतो. ओतीव लोखंड नेमक्या वजनाचं उतरत नाही, म्हणून शिसं कमी-जास्त करून वजन जुळवतात. मग वैधमापनाचा, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, निरीक्षक स्वतःकडच्या प्रमाण वजनाशी ते पडताळतो आणि ठसा मारतो. शिशाला कुणी हात लावला की ठसा बिघडतो. माझ्या लेखी सरकार म्हणजे आधी हा ठसा, बाकीचं सगळं नंतर.

नव्वदच्या दशकात, हरभऱ्याच्या हंगामात, मी एका दुकानापुढे वीस किलोचं वजन उचललं आणि हात थबकला. रोज तेच उचलणाऱ्या हाताला फरक कळतो. उलटं केलं तर जुन्या काळपट शिशावर नव्या शिशाचा चकचकीत थर. शेजारच्या दुकानातलं वजन आणून ताडून पाहिलं, तर हे चारशे ग्रॅम जास्त भरलं. लोकांना वाटतं लबाडीचं वजन हलकंच असतं. विकणाऱ्याचं हलकं असतं. विकत घेणाऱ्याची लबाडी जड वजनात असते. तिथली पाचही वजनं तशीच निघाली. म्हणजे क्विंटलमागे दोन किलो हरभरा फुकट. त्या दिवशी एकाच शेतकऱ्याची क्विंटलभराची चाळीस पोती होती. ऐंशी किलो!

आता तुमच्या ‘आपापसात’ या शब्दाकडे या. तो शेतकरी वडिलांच्या काळापासून त्याच दुकानात माल घालत होता. लग्नाला, बियाण्याला उचल तिथूनच घ्यायचा. वजनं त्याच्या डोळ्यांसमोर उलटी केली, तरी तो मला हळूच म्हणाला, “राहू द्या ना दादा, आपलेच आहेत.” भला माणूस होता, आणि भला होता म्हणूनच बोलू शकत नव्हता. मी बोलू शकलो, कारण माझा परवाना समितीचा होता, दुकानदाराचा नव्हता. निरीक्षक आला, पंचनामा झाला, वजनं जप्त झाली, त्या दिवसाची पट्टी, म्हणजे मालाच्या हिशोबाची पावती, नव्यानं झाली. आधीच्या हंगामांचं मात्र काही परत मिळालं नाही. ते मला अजून सलतं.

ही व्यवस्था आभाळातून पडलेली नाही. वऱ्हाडातल्या कारंजा गावचा कापूस बाजार १८८६ साली सरकारी नियमांखाली आला आणि १८९७ साली वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. इंग्रजांना कापूस हवा होता, शेतकऱ्याच्या कळवळ्यानं त्यांनी ते केलं असं मी म्हणणार नाही. पण उघड लिलाव, तपासलेला काटा आणि परवाना असलेला मापाडी या गोष्टी त्याच वाटेनं पुढे आल्या. त्याआधी भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा, आणि ज्याचा माल त्यालाच भाव कळायचा नाही. वर कडती, धर्मादाय, नमुना अशा नावांनी माल आणि पैसा कापला जायचा तो वेगळाच. आपल्याकडे सध्याचा बाजार समिती कायदा १९६३ चा.

मापांचीही तीच कथा. शेर, पायली, मण ही नावं सगळीकडे एकच, पण पायली या तालुक्यात एवढी तर पलीकडे तेवढी. एका गावात त्यानं काही अडत नव्हतं. माल दुसऱ्या गावी गेला की भांडण. १९५६ चा कायदा आला, मग टप्प्याटप्प्यानं किलो आणि लिटर आले, आणि आज सांगलीचा किलो आणि गुवाहाटीचा किलो एकच आहे यावर आपण क्षणभरही विचार करत नाही.

तुम्ही म्हणाल, सरकारवाचूनही गावं चालली आहेत. चालली आहेत, आणि मला त्याचा आदर आहे. धुळ्याकडे पांझरा नदीवर फड पद्धतीनं पिढ्यान्‌पिढ्या पाणी वाटलं गेलं. फड म्हणजे एकत्र पाणी मिळणारा शेतांचा पट्टा. शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली, म्हणून पाणी कमी पडलं आणि एखादा फड सोडावा लागला की तोटा सगळ्यांनी सोसायचा. पण नीट बघा: तिथेही पंच होते, पाणी सोडणारा पाटकरी होता, राखण करणारा जागल्या होता, नियम मोडणाऱ्याला दंड होता. मग तेही लहान सरकारच झालं की! फक्त त्याचा हात आपल्या बंधाऱ्यापुरता. वरच्या अंगाच्या गावानं नदीच अडवली, तर खालचे पंच कुणाकडे जाणार? एकमेकांना न ओळखणारी माणसं व्यवहार करू लागली की दोघांपैकी कुणाचाही मिंधा नसलेला तिसरा लागतो.

तो तिसराही बिघडतो, हे मी जवळून पाहिलंय. काटा न बघता ठसा मारणारे पाहिले, वर्ष वर्ष न फिरकणारेही पाहिले. त्यांच्याविरुद्ध मी अर्ज केलेत, दोनदा सुनावणीला उभा राहिलोय. अर्ज करता आला, कारण त्यांनी काय करायला हवं होतं ते लिहिलेलं होतं. रुमालाखालच्या भावाविरुद्ध अर्ज कुणाकडे करणार?

‘दिसतं कुठे’ याचं उत्तर उद्याच बघा. पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा, ते त्यांनी ठेवायचं असतं आणि तुमच्यासमोर भरून दाखवायचं असतं. भाजीवाल्याकडे लोखंडी वजन असेल तर उलटं करून शिसं बघा. शिसं एकसारखं जुनं आहे का आणि ठसा पुसट झालाय का, तेवढं पाहिलंत तरी पुरे.