सात घरचे पोहे

एडिसनहून एका वाचक मुलीचं पत्र आलंय. माहेर इंदूरचं, रामबागेतलं. लग्न होऊन अमेरिकेत गेली त्याला नऊ वर्षं झाली. तिथल्या सात मराठी घरांनी मिळून पाककृतींच्या देवाणघेवाणीचा कार्यक्रम ठरवलाय आणि या खेपेला तो हिच्या घरी आहे. ती लिहिते, "मागच्या वेळी प्रत्येकीने दोन-दोन पदार्थ करून आणले. पोटभर जेवलो, फोटो काढले. कृती मागितली की सगळ्या 'पाठवते गं' म्हणाल्या, आली एकीचीच. मी पोहे नेले होते, आपले इंदूरचे. एक काकू म्हणाल्या, हे काही मराठी पोहे नव्हेत. या वेळी काय करू?"

माझ्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून 'तू'च म्हणते. आधी पोह्यांचं बोलू, कारण तुला लागलंय ते तिथेच. मंदसौरच्या तहानंतर, १८१८ साली, होळकरांची राजधानी इंदूरला आली. माळव्यात मराठी माणूस त्याच्याही आधीपासून आहे. इतक्या पिढ्या इथं नांदलेल्या घरांच्या पोह्यांत बडीशेप आली, वर जिरावन, म्हणजे आपला इंदुरी मसाला, आणि शेव पडली, कच्चा कांदा वरून आला. आपल्या आज्यांनी हे पोहे सणावाराला केले, मुलगी बघायला आलेल्यांपुढे ठेवले. ते मराठी आहेत की नाही हे तू कुणाला पटवून देत बसू नकोस. मी सांगते तो बेत कर, म्हणजे तो प्रश्नच कुणी विचारणार नाही.

यंदा एकच पदार्थ ठेव, पोहे. सातही घरांनी आपापल्या घरचे करायचे आणि घरून करून आणायचे नाहीत, तुझ्या ओट्यावर सगळ्यांसमोर करायचे. पुण्याकडची कुणी असेल तर तिचे कांदेपोहे, फोडणीत परतलेल्या कांद्याचे. कोकणातलीचे दडपे पोहे, पातळ पोहे, ओलं खोबरं, वरून फोडणी, शिजवणं नाहीच. नागपूरकडचं घर असेल तर हरभऱ्याची झणझणीत तर्री पोह्यांवर येईल. बडोद्याचं असेल तर बटाटेपोहे, साखर-लिंबाचे. प्रत्येकीने फक्त १०० ग्रॅम पोह्यांचे करावेत. सात घरांचे मिळून ७०० ग्रॅम होतात, चौदा-पंधरा माणसांची न्याहारी आरामात उरकते. एका वेळी दोनच शेगड्या चालू ठेव, दोघी करतील, बाकीच्या बघतील. सात पदार्थांची सात ताटं मांडली की मनातल्या मनात स्पर्धा सुरू होते. पोहे एकच असले की प्रत्येकीला शेजारणीच्या कढईत डोकवावंसं वाटतं, 'अगं, तू हळद आधी घालतेस?' असं आपोआप तोंडातून येतं. मला ही देवाणघेवाण हवी आहे.

आता कृती लिहून घेण्याचं. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मला त्याची किंमत मोजावी लागली आहे. माझी आई गेली तेव्हा तिची वही माझ्याकडे आली. सांज्याच्या पोळ्यांच्या पानावर तिच्या अक्षरात आहे, 'रवा खमंग भाजावा. गूळ अंदाजाने. वेलची.' बस, एवढंच. खमंग म्हणजे बदामी की त्याच्याही पुढे, गूळ रव्याइतका की पाऊणपट, सांगायला ती नाही. मी कितीदा करून पाहिल्या, तिच्यासारख्या झाल्या नाहीत. म्हणून मग सासूबाईंच्या मागे मी वजनकाटा घेऊन उभी राहिले. त्यांनी चिमूट उचलली की 'आई, आधी इथे ठेवा' म्हणून वाटी पुढे करायची. पहिल्या दिवशी त्या चिडल्या, दुसऱ्या दिवशी स्वतःच काट्यावर टाकायला लागल्या. त्यांची पोह्यांतली 'चवीपुरती साखर' १०० ग्रॅम पोह्यांना ८ ग्रॅम निघाली, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे! मी इतकी वर्षं अर्धा चमचा घालत होते आणि चव का जमत नाही म्हणून झुरत होते.

तेव्हा ओट्यावर ग्रॅमचा काटा ठेव. कपावर विसंबू नकोस. अमेरिकेतला कप साधारण २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५० चा. ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा २० मिलिलिटरचा, तुमच्याकडचा १५ चा. सात घरांतली कुणी उद्या मेलबर्नला गेली की तिचं मीठ चुकणार. आपली वाटी तर घराघरात वेगळी. प्रत्येकीला सांग, सासर-माहेरची जी वाटी रोज वापरतेस ती घेऊन ये. तुझ्याकडे नाव घातलेली असेलच, कुणी कुणाला कधी दिली ते कोरलेली. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आण, मग काठोकाठ पाणी भर. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. तो आकडा कृतीच्या वर लिही, 'आमची वाटी १४० ची' असा. मग आजीची 'दोन वाट्या' कुठल्याही देशात नीट कळते. हे पाण्याचं काम मुलांना दे. आठ-दहा वर्षांची मुलं ते मन लावून करतात आणि वाटीवरचं नाव कुणाचं ते विचारतातही.

आकड्यात न मावणाऱ्या गोष्टी हाताने शिकवायच्या. पोहे किती भिजले हे मिनिटांत सांगता येत नाही, कारण तिकडच्या प्रत्येक पाकिटातल्या पोह्याची जाडी वेगळी. चाळणीत धुऊन निथळल्यावर प्रत्येकीच्या हातावर एक-एक दाणा ठेव. दोन बोटांत दाबला तर सहज मोडावा, नाही दाबला तर अख्खा राहावा. त्या क्षणाचा फोटो काढ, तयार ताटाचा नंतर काढलास तरी चालेल.

यजमानीण म्हणून तुझी खरी अडचण पोहे कोरडे पडण्याची. इथं आपलं इंदूर कामाला येतं. आपल्याकडे ठेल्यावर पोह्यांचं भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर बसवलेलं असतं, म्हणून सकाळभर ते मऊ राहतात. तू तेच कर. मोठ्या पातेल्यात पाणी मंद उकळत ठेव, वर स्टीलची चाळण, त्यात पोहे, वर ओलं फडकं. सगळ्यांचे पोहे तू वाफेवर ठेवायला घेतलेस की ती काकूही तुला विचारेल, हे कसं केलंस गं. तिला नीट शिकव. कांदा, शेव, जिरावन, डाळिंबाचे दाणे मात्र ताटलीत वाढतानाच.

दोन गोष्टी आदल्या आठवड्यात विचारून घे. शेंगदाणे कुणाला चालत नाहीत का? एखाद्या मुलाला त्यांची ॲलर्जी असेल तर त्या दिवशी घरात शेंगदाणे आणूच नकोत, नुसते वेगळे ठेवून भागत नाही. आणि गहू कुणाला वर्ज्य आहे का? डबीतल्या हिंगात बहुधा कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो, तेव्हा डबीवरची यादी वाचून तांदळाच्या पिठातला हिंग आण. फोडणी करण्याआधी पंखा लाव, नाहीतर धुराचा अलार्म वाजायचा.

शेवटचं, आईला फोनवर बसव. हिवाळ्यात तुमच्याकडे सकाळचे १० वाजतात तेव्हा इथं रात्रीचे साडेआठ झालेले असतात, जेवणं आटोपलेली. तिला आदल्या दिवशी सांगून ठेव, म्हणजे तीही ओट्याशी उभी राहून करून दाखवेल. फोन साखरेच्या डब्याला टेकवून कढईकडे तोंड करून ठेवायला सांग. आणि तिच्याकडे काटा नसेल तर या आठवड्यातच एक पाठवून दे.