पोल उभा करताय? आधी तो आडवा कसा होणार ते बघा

प्रश्न : मालवणजवळ राहतो, यंदाच हॅमचं (हौशी रेडिओचं) लायसन्स हातात आलं. घर कौलारू, भिंती चिऱ्याच्या. दीड इंची २० फुटी जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप आणलाय, त्यावर दोन मीटर बँडचं व्हर्टिकल (उभी अँटेना) आणि ४० मीटर बँडचा डायपोल (मधून केबल जोडलेली वायरची अँटेना) लावायचाय; हे मीटर म्हणजे लहरींची लांबी. गॅबलच्या (छपराखालच्या त्रिकोणी) भिंतीला वर फूटभर अंतराने दोन क्लॅम्प मारायचा विचार आहे. फॅब्रिकेशनवाला म्हणतो आणखी १० फुटांचा तुकडा वेल्ड करून देतो. आई म्हणते वीज पडेल. काय करू?
(एक वाचक)

उत्तर : आधी त्या वेल्डिंगवाल्याला नको म्हणा. माझा पहिला पोल असाच जोडलेला होता, वेल्डिंगच्या उष्णतेने जस्त जळून जातं, खाऱ्या हवेत तिथे आधी गंज धरतो आणि मग जूनमधल्या एका रात्री बरोब्बर त्याच जागी वाकतो, सकाळी बघितलं तर व्हर्टिकल शेजाऱ्यांच्या पडवीत. आणि ४० मीटरसाठी एवढी उंची हवीये कुठे? २० फुटांवरून सिग्नल बराचसा सरळ वर जातो आणि परत खाली येतो, म्हणजे दिवसा पुणे, कोल्हापूर, गोवा आरामात मिळतं. उंची लागते ती दोन मीटरला, रिपीटर (आपला सिग्नल पकडून पुढे पाठवणारं केंद्र) दिसला पाहिजे म्हणून.

आता क्लॅम्प. समजा वाऱ्याने टोकाला १० किलोचा जोर लावला आणि वरच्या क्लॅम्पच्या वर १५ फूट पाइप मोकळा आहे, तर फूटभर अंतरावरच्या खालच्या क्लॅम्पवर दीडशे किलो येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट. चिऱ्यात फास्टनर ठोकून एवढा भार पेलणार नाही हो, चिरा भुसभुशीत असतो. त्यापेक्षा पाइप जमिनीपासूनच उभा करा, खाली सिमेंटच्या ठोकळ्यात बिजागरी आणि १० फुटांवर भिंतीला एकच क्लॅम्प, तोही आरपार बोल्टने, आतल्या बाजूला लोखंडी पट्टी देऊन. तोच १० किलोचा वारा आता क्लॅम्पवर २० किलोच टाकेल. उंची थोडी गेली, जाऊ दे.

बिजागरीचा खरा फायदा मेअखेरीस कळतो. आगोटीची कामं काढाल तेव्हा क्लॅम्पचा बोल्ट काढायचा आणि पोल आडवा करून ठेवायचा. पाइपच वीस-बावीस किलोचा, त्यामुळे तिघं तरी हवेत, एक बुंध्याशी आणि दोघं दोरीवर. पोल कुठेही पडला तरी विजेच्या तारेला लागता कामा नये, म्हणजे पोल अधिक अँटेना एवढ्या लांबीच्या आत तार असेल तर जागाच बदला, इथे अॅडजस्टमेंट नाही.

डायपोलचा मध्य पोलवर आणि दोन्ही बाजूंना साधारण १०-१० मीटर वायर तिरकी खाली, म्हणजे इन्व्हर्टेड व्ही. टोक माडाला बांधणार असाल तर थेट बांधू नका, माड डोलला की वायर तुटलीच. माडाला कप्पी लावा, दोरी तिच्यातून घ्या आणि खाली वाळू भरलेला छोटा कॅन लटकवा, झाड डोललं की कॅन वरखाली होतो, वायर मात्र ताणलेलीच राहते. टोकं डोक्याच्या चांगली वर हवीत, ट्रान्समिट करताना तिथे व्होल्टेज भरपूर असतं, हात लागला तर चटका बसतो.

आईंना सांगा, शेजारचा माड तुमच्या पोलपेक्षा उंच आहे म्हणून पोल सुरक्षित असं काही नसतं, त्यांची काळजी रास्त आहे. पोलच्या बुंध्यातून जाड तांब्याची तार शक्य तितकी सरळ खाली अर्थ रॉडला न्या आणि तो रॉड घराच्या अर्थिंगलाही जोडा. वळिवाचे ढग दिसायला लागले की कोअॅक्स (अँटेनाची केबल) रेडिओतून काढून खिडकीबाहेर टाकायचा. एकदा गडगडाट सुरू झाला की मात्र त्याला हात लावायला जायचं नाही.

प्रश्न : पुण्यात सहा मजली सोसायटी, टेरेसवर अँटेनाचा पोल लावायचाय. चेअरमन म्हणतात टेरेसला भोक पाडलं तर गळती होईल. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो.
(एक वाचक)

उत्तर : चेअरमन बरोबर बोलतायत. स्लॅबला हात लावू नका, जिन्याच्या केबिनच्या भिंतीला क्लॅम्प मारा, आणि तसं लेखी घ्या, पुढच्या कमिटीला तोंडी कबूल केलेलं काही आठवत नाही. तुमची अडचण पोलची कमी आणि केबलची जास्त आहे. वीसेक मीटर आरजी-५८ ही बारीक कोअॅक्स टाकलीत तर दोन मीटर बँडवर निम्म्याहून जास्त पॉवर वाटेतच गरम होऊन जाईल, जाड आरजी-२१३ घ्या. वरच्या कनेक्टरवर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप (ताणून गुंडाळली की आपोआप एकजीव होणारी रबरी टेप) नीट ओढून गुंडाळा आणि खिडकीतून आत येण्याआधी केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, तुमच्या टेबलावर नाही.